पापणीवरचा पिवळा डाग आणि रक्तातला न झालेला उठाव

प्रश्न : माझे वय ३८ वर्षे आहे. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो आणि मी ऐरोलीतील एका कार्यालयात नोकरी करते. चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाकडच्या कोपऱ्यांशी, पिवळसर चपटे डाग उमटले. जाऊबाईंच्या सांगण्यावरून ते मी नवी मुंबईतील एका सौंदर्य चिकित्सालयात लेझरने काढून घेतले. दीड वर्षात ते परत आले. तेथे रक्त तपासून घ्या असे कोणी सुचवले नाही. पुढे कार्यालयातील आरोग्य तपासणीत एलडीएल २६१ निघाले. तेव्हापासून तूप, खोबरे, अंडी आणि फोडणीपुरतेसुद्धा तेल मी बंद केले. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल ३१८, ट्रायग्लिसराइड १२४, एचडीएल ४६ आणि एलडीएल २४७ आले. माझे वजन ५४ किलो आहे आणि रक्तदाब व साखर ठीक आहे. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी लिहून दिली, पण एकदा सुरू केली की ती आयुष्यभर सुटत नाही असे यजमान म्हणतात, म्हणून अजून घेतलेली नाही. दरम्यान अंगाची त्वचा फार कोरडी झाली आहे, खाज येते. तूप सोडलेस म्हणून कातडी फुटली, असे सासूबाईंचे म्हणणे. माझे वडील वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ते अंगाने बारीक होते, रोज पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारत. त्यांच्या टाचांमागचा भाग इतका जाड होता की बंद बूट त्यांना टोचत. आता माझाही तसाच होत चालला आहे असे वाटते. धाकटा भाऊ ३५ वर्षांचा आहे, कळव्याला राहतो. त्याला सोरायसिस आहे आणि तो सिगारेट ओढतो. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. मी आणखी काय सोडायला हवे? आणि डाग पुन्हा काढून घेऊ का?
(नाव प्रसिद्ध न करण्याच्या विनंतीसह)

उत्तर : तुमच्या पत्रात पापण्या, टाचा, वडील, रक्ताचे आकडे आणि कोरडी त्वचा अशा पाच गोष्टी वेगवेगळ्या प्रसंगी सुचल्यासारख्या आल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या चार, माझ्या मते, एकाच गोष्टीच्या चार बाजू आहेत आणि पाचवीचा त्यांच्याशी संबंध असलाच तर निराळ्या वाटेने आहे. ही गोष्ट म्हणजे जन्मापासून, वडिलांकडून आलेला, कोलेस्टेरॉलचा अनुवंशिक विकार असण्याची दाट शक्यता. तुम्हाला आणखी काही सोडायचे नाही. उलट थोडे तेल परत सुरू करायचे आहे, थायरॉइडची एक तपासणी करून गोळी सुरू करायची आहे, आणि भाऊ व मुलगा या दोघांचे रक्त तपासून घ्यायचे आहे. असे का, ते आता सविस्तर सांगतो, कारण कारण समजल्याशिवाय घेतलेली गोळी आपल्याकडे साधारण दोन महिन्यांत सुटते.

तेल पाण्यात मिसळत नाही आणि रक्त हे बहुतांशी पाणी आहे. त्यामुळे चरबी (रिपोर्टमधले ट्रायग्लिसराइड) आणि कोलेस्टेरॉल यांना शरीरात एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचे तर गाडीत बसूनच जावे लागते. बाहेरून प्रथिनांचे आणि पाण्याशी जमवून घेणाऱ्या स्निग्ध रेणूंचे आवरण, आत चरबीचा माल, अशा या सूक्ष्म गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. जेवणातली चरबी आतड्याकडून घेऊन निघतात ते कायलोमायक्रॉन. यकृत स्वतः तयार केलेली चरबी ज्यांतून पाठवते ते व्हीएलडीएल. आणि व्हीएलडीएलमधली चरबी स्नायूंत व मेदात उतरवून झाली की जी कोलेस्टेरॉलने भरलेली लहान गाडी उरते ती एलडीएल. एचडीएल उलट दिशेने, पेशींतले जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेण्याच्या कामात असते. ही वाहतूक शरीराला हवीच असते, कारण पेशींचे आवरण, पित्त आणि कित्येक संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. प्रश्न येतो तो रिकामे न होता रक्तात फिरत राहणाऱ्या एलडीएलचा.

वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याचे ढीग चढले की वर्तमानपत्रे दोन शब्दांत कारण सांगतात : एक तर आवक वाढली, नाही तर उठाव नाही. तुम्ही गेले तीन महिने सगळा जोर आवक कमी करण्यावर लावला आणि एलडीएल २६१ वरून २४७ वर आले, म्हणजे जेमतेम पाच टक्के उतरले. यात तुमचा निग्रह कमी पडलेला नाही. तुमचा दोष उठावाचा आहे. यकृताच्या पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडून आत ओढून घेणारे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. निरोगी माणसात एलडीएलचा एक कण साधारण दोन-अडीच दिवस रक्तात राहतो आणि मग उचलला जातो. ज्यांच्यात या रिसेप्टरच्या दोन जनुकांपैकी एक सदोष असते त्यांच्या रक्तात तो त्याहून बराच जास्त काळ फिरत राहतो. जेवणातले कोलेस्टेरॉल हा एकूण साठ्याचा लहान भाग असतो; बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, आणि ते तुम्ही एकादशी केली तरी बनतच राहते.

तुमच्या रिपोर्टमध्येच याची खूण आहे. बहुतेक प्रयोगशाळा एलडीएल एका साध्या हिशोबाने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा. तुमच्या बाबतीत ३१८ वजा ४६ वजा सुमारे २५, म्हणजे २४७. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हा हिशोब चालत नाही.) आपल्याकडे पोट सुटलेल्या, साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये सहसा ट्रायग्लिसराइड चढलेले आणि एचडीएल पडलेले दिसते, एलडीएल मात्र फार उंच नसते. तुमच्यात ट्रायग्लिसराइड १२४, वजन ५४ किलो आणि एकट्या एलडीएलनेच मान वर काढलेली. हे चित्र खाण्यापिण्याचे नाही.

आता त्वचेकडे येऊ. या विकाराचे सगळे शास्त्र त्वचेच्याच वाटेने पुढे आले, हे मला आजही विलक्षण वाटते. नॉर्वेमधील कार्ल म्युलर या डॉक्टरांनी १९३८च्या सुमारास लक्षात आणून दिले की काही घराण्यांत त्वचेखालच्या पिवळ्या गाठी, रक्तातले जास्त कोलेस्टेरॉल आणि छातीत दुखणे या तीन गोष्टी एकत्र, बापाकडून मुलाकडे जातात. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या. निरोगी माणसाच्या त्वचेच्या पेशी भोवतालचे एलडीएल आत घेत होत्या. तीव्र विकार असलेल्यांच्या पेशी ते घेतच नव्हत्या. त्यातून एलडीएल रिसेप्टरचा शोध लागला आणि १९८५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनीच दाखवले की हा रिसेप्टर माल घेऊन पेशीत जातो, उतरवतो आणि दर दहा-एक मिनिटांनी रिकामा परत पृष्ठभागावर येतो, अशा शेकडो फेऱ्या. ऐरोलीला जाताना तुम्ही रोज ज्या ठाणे-वाशी लोकलमध्ये बसत असाल तिच्यासारखेच हे. फक्त तुमच्या घराण्यात निम्म्या गाड्या कमी सुटतात.

न उचललेले एलडीएल करते काय? ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून आतल्या थरात झिरपते, तेथे त्याचे स्वरूप बिघडते आणि शरीराच्या सफाई करणाऱ्या भक्षक पेशी ते गिळत सुटतात. पोटभर झाले की थांबण्याची सोय या पेशींपाशी नसते. चरबीचे थेंब भरून भरून त्या सूक्ष्मदर्शकाखाली फेसासारख्या दिसू लागतात, म्हणून त्यांना फेसपेशी म्हणतात. पापणीच्या पातळ, सतत उघडझाप होणाऱ्या त्वचेत त्या जमल्या की पिवळा डाग दिसतो. टाचेमागच्या जाड शिरेत, जिला आम्ही कंडरा म्हणतो आणि जिच्यावर प्रत्येक पावलाला ताण येतो, तिच्यात जमल्या की ती जाड होते. आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीत जमल्या की तेथे जे तयार होते त्याला आपण ब्लॉकेज म्हणतो. तिन्ही ठिकाणी पेशी त्याच आणि माल तोच. आपल्याला डोळ्यांनी दिसतात त्या पहिल्या दोन जागा.

तुमच्या टाचेबद्दलचे वाक्य तुम्ही ओघात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. खुर्चीवर बसा, पाऊल किंचित वर ओढून धरा आणि टाचेच्या तीन-चार बोटे वर ती शीर अंगठा व तर्जनीच्या चिमटीत घ्या. निरोगी शीर दोरखंडासारखी घट्ट, सपाट कडांची आणि दोन्ही बाजूंना खळगे असलेली लागते. कोलेस्टेरॉल साठलेली शीर रुंद, गोलसर आणि थोडी गाठाळ लागते आणि बाजूचे खळगे बुजल्यासारखे होतात. वरची कातडी मात्र तिच्यावरून सहज सरकते आणि रंग बदललेला नसतो, त्यामुळे ती डोळ्यांपेक्षा बोटांनाच आधी कळते. मूठ आवळून बोटांच्या सांध्यांवरच्या शिराही तशाच चाचपून पाहाव्यात. आरशात डोळ्याच्या काळ्या भागाभोवती पांढुरकी कडी दिसते का तेही पाहा. साठीनंतर तिला फारसा अर्थ नसतो, पंचेचाळिशीच्या आत असतो. अर्थात शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांच्या बोटांचा, आणि शंका उरली तर सोनोग्राफीत शिरेची जाडी मोजता येते.

या निदानासाठी नेदरलँड्समधील डॉक्टरांनी बनवलेली गुणपद्धत जगभर वापरली जाते. तुमच्या वडिलांना ५५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला, त्याचा १ गुण. औषध न घेता पहिल्या तपासणीत एलडीएल २६१, म्हणजे २५० ते ३२९ च्या दरम्यान, त्याचे ५. हे झाले ६, आणि ६ ते ८ गुणांना विकार संभाव्य मानतात. कंडरा खरोखर जाड निघाली तर तिचे एकटीचे ६, म्हणजे बेरीज १२. आणि ८ च्या वर विकार निश्चित. जनुकीय तपासणी उपलब्ध आहे आणि निदान पक्के करते, पण तिच्यासाठी उपचार अडवून धरण्याचे कारण नाही. एका जनुकात दोष असलेली माणसे साधारण दर अडीचशेंत एक असतात असे आज मानले जाते. म्हणजे गडकरी रंगायतनचा एक प्रयोग हाऊसफुल्ल गेला तर प्रेक्षागृहात अशी तीन-चार माणसे बसलेली असतील, आणि बहुधा त्यांना ते ठाऊक नसेल.

पापणीच्या डागाविषयी मात्र अतिरेक नको. असे डाग असलेल्या लोकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे कोलेस्टेरॉल नेहमीच्या मर्यादेत असते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात या एका वाक्यामुळे मी स्वतः चूक केली आहे. चष्म्याच्या नंबरासाठी गेल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलेल्या एका गृहस्थांना, हे दिसण्यापुरते आहे, काळजी करू नका, असे सांगून मी परत पाठवले. रक्तही तपासले नाही. ते पुन्हा भेटले ते अतिदक्षता विभागात. कोपनहेगन शहरातील सुमारे पावणेतेरा हजार रहिवाशांवर १९७०च्या दशकापासून २००९ पर्यंत लक्ष ठेवून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर असे आढळले की पापणीवर डाग असलेल्यांत, कोलेस्टेरॉलचा आकडा हिशोबात घेतल्यानंतरसुद्धा, हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण जास्त होते. म्हणून पापणीवर पिवळा डाग दिसला की लेझरच्या आधी रक्ताची तपासणी, हा क्रम मी आता मोडत नाही. तुमच्या बाबतीत तो मोडला गेला आणि चार वर्षे वाया गेली, याचे मला वाईट वाटते.

जाता जाता दुसऱ्या एका चित्राचा उल्लेख करतो, कारण लोक दोन्हींत गल्लत करतात. कोपरांवर, नितंबांवर, पाठीवर मोहरीएवढे पिवळट पुटकुळ्यांचे पीक एकाएकी आले तर ते बहुधा ट्रायग्लिसराइड हजारांत गेल्याचे लक्षण असते. मागे अनियंत्रित मधुमेह किंवा मद्य असते, आणि तेथे पहिला धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा असतो. अशा रुग्णाच्या रक्ताची नळी रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवली तर सकाळी वर सायीसारखा थर दिसतो. शिकत असताना पहिल्यांदा ती नळी पाहिली तेव्हा कोणी तरी दुधाचा नमुना ठेवला असे मला वाटले होते. तुमच्या रक्ताचे तसे होणार नाही. एलडीएलचे कण इतके लहान असतात की ते प्रकाश अडवत नाहीत, त्यामुळे २४७ चे रक्तसुद्धा नळीत स्वच्छच दिसते.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे. त्यांचे निरीक्षण पूर्ण चुकीचे नाही, पण कारण तूप नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर विटा आणि चुन्याच्या भिंतीसारखा असतो : मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधला चुना सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा, साधारण सारख्या वाट्यांनी बनलेला. हा चुना त्वचा मुख्यतः जागच्या जागी स्वतः कालवते, रक्तातल्या एलडीएलची वाट पाहत बसत नाही. म्हणूनच रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असलेल्या माणसाची त्वचा कोरडी असू शकते आणि ते उतरवल्याने त्वचा उघडी पडत नाही. त्वचेची स्वतःची चरबी-वाहतूक किती मोलाची आहे हे एका दुर्मीळ आजारात दिसते. सेरामाइडचा कच्चा माल पेशींतल्या पिशव्यांत भरणारे एबीसीए १२ नावाचे एक वाहक प्रथिन आहे. ते जन्मतःच निकामी असेल तर बाळ चिलखतासारख्या जाड, भेगाळलेल्या कातडीसह जन्मते. त्याच कुळातले एबीसीए १ हे दुसरे प्रथिन पेशींतले कोलेस्टेरॉल एचडीएलच्या हवाली करते. एका घराण्यातली दोन भावंडे, एक त्वचेच्या कामाला आणि दुसरे रक्तवाहिन्यांच्या.

मात्र या चुन्यातला एक घटक शरीराला बनवता येत नाही : लिनोलिक आम्ल. अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ साली दाखवले की चरबी पूर्ण वगळलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांची त्वचा खवल्यांसारखी होते. हे आम्ल करडई, सूर्यफूल, सोयाबीन आणि शेंगदाणा यांच्या तेलांत चांगले असते. तुपात आणि खोबरेलात फारच थोडे. डाळी आणि धान्यांतूनही ते थोडे मिळत असल्याने तीन महिन्यांत तुम्हाला त्याची खरी उणीव पडली असेल असे मला वाटत नाही. दिवसभर वातानुकूलित कार्यालय, कढत पाण्याची आंघोळ आणि साबणाचा सढळ वापर ही कारणे अधिक संभवतात. पण एक गोष्ट नक्की तपासून घ्या, आणि तीही गोळी सुरू करण्याआधी : टीएसएच. थायरॉइड मंदावले की त्वचा कोरडी पडते आणि एलडीएलही चढते, कारण यकृताचे रिसेप्टर कमी होतात. तुमचा सगळा प्रकार थायरॉइडने झाला असेल असे नाही, वडिलांचा इतिहास तसे म्हणू देत नाही. पण अनुवंशिक विकारावर थायरॉइडची भर पडलेली असू शकते, आणि थायरॉइड तसेच ठेवून स्टॅटिन सुरू केल्यास स्नायू दुखण्याची शक्यता वाढते.

तेव्हा फोडणी परत सुरू करा. दिवसाला माणशी तीन-चार चहाचे चमचे तेल, करडईचे किंवा शेंगदाण्याचे, तुमच्यासारखीला पुरेसे आहे. साजूक तूप, लोणी, साय आणि वनस्पती तूप यांच्या बाबतीत हात आखडता ठेवा, कारण संपृक्त चरबी यकृताचे रिसेप्टर आणखी कमी करते; जेथे मुळात निम्मेच चालू आहेत तेथे ते परवडणारे नाही. ओले खोबरे सणावारी चालेल. खोबरेल मात्र आंघोळीनंतर ओलसर अंगावर चोळायला उत्तम आहे. पोटात जाणारे खोबरेल आणि कातडीवर लावलेले खोबरेल यांचे हिशोब वेगळे. अंड्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, आठवड्यातून तीन-चार खाल्लीत तर आकडा फारसा हलणार नाही. तर्रीदार मिसळ महिन्यातून एकदा खाल्लीत म्हणून तुमचे नशीब बदलणार नाही, आणि कधीच न खाल्ल्यानेही ते बदललेले नाही, हे तुमच्या दोन रिपोर्टांनीच सांगितले आहे.

गोळीविषयी तुमच्या यजमानांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे : ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागेल. पण विकारही आयुष्यभराचा आहे आणि तो ३८ वर्षे विनाअडथळा काम करतो आहे. धमनीचे नुकसान आजच्या आकड्याने होत नाही, त्या आकड्याला किती वर्षांनी गुणले त्यावर ठरते. स्टॅटिन नेमके काय करते ते पाहा. जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात हजारो बुरशींची छाननी करून असे पहिले द्रव्य शोधले. १९८७ साली अमेरिकेत या गटातले पहिले औषध मंजूर झाले. ते यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती अडवते, त्यामुळे यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागते आणि ते मिळवण्यासाठी ते पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर उभे करते. तुमच्या दोन जनुकांपैकी जे चांगले आहे तेच जादा कामाला लागते. म्हणजे औषध उठावच वाढवते.

अपेक्षा वाजवी असाव्यात म्हणून आकडेही सांगतो. पुरेशा मात्रेतल्या स्टॅटिनने एलडीएल सुमारे निम्मे होते, म्हणजे तुमचे १२५च्या आसपास येईल. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार जास्त धोका असलेल्या व्यक्तीत ते ७०च्या खाली हवे. मात्रा दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, जेमतेम सहा टक्क्यांची भर पडते. म्हणून त्यापुढे आतड्यातले शोषण अडवणारी इझेटिमाइबची गोळी जोडतात आणि ती आणखी सुमारे पाचवा हिस्सा उतरवते. तरीही अंतर उरले तर पीसीएसके ९ या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शने आहेत. हे प्रथिन म्हणजे परतीच्या फेरीला निघालेली लोकल कारशेडला धाडून देणारा अधिकारी समजा. त्याला हटवले की फेऱ्या वाढतात. ही इंजेक्शने अजून महाग आहेत. पहिल्या दोन गोळ्या मात्र जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी एलडीएल आणि यकृताची तपासणी करावी. दोन्ही मांड्या किंवा खांदे विनाकारण दुखू लागले तर डॉक्टरांना सांगावे. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावे. दुसऱ्या अपत्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा, कारण गर्भधारणेच्या नियोजनात गोळी साधारणपणे थांबवली जाते. सोबत आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन ए ही तपासणी करून घ्या. तो एलडीएलचा एक अनुवंशिक चुलतभाऊ आहे आणि आपल्या लोकांत बऱ्याच जणांत जास्त सापडतो. जिना चढताना छातीवर दडपण, जबड्यापर्यंत जाणारी कळ, घाम किंवा नवीनच लागणारी धाप, यांपैकी काही झाले तर पित्त समजून घरी थांबू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा.

भावाची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. हा दोष त्याच्यात असण्याची शक्यता निम्मी आहे. असला तर तो पुरुष आहे, वडिलांच्या वयापासून अकरा वर्षे दूर आहे आणि वर सिगारेट. सोरायसिसही केवळ कातडीचा आजार नाही. त्यात शरीरभर मंद दाह चालू असतो, तो धमन्यांच्या अस्तरालाही भोवतो आणि एचडीएलची उलट वाहतूक बिघडवतो, त्यामुळे विशेषतः तीव्र सोरायसिसमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाढलेले आढळते. त्याला या आठवड्यात लिपिड प्रोफाइल करायला लावा. ईसीजी चांगला आला म्हणून तो तपासणी टाळू पाहील. विश्रांतीत काढलेला ईसीजी धमनीतला साठा दाखवत नाही, हे त्याला सांगा. वडिलांची भावंडे आणि त्यांची मुले यांनाही कळवा. आपल्याकडे काही घरांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. अशा जोडप्यात दोघांकडेही दोष असेल तर एखाद्या मुलात दोन्ही जनुके सदोष येतात आणि त्याला शाळकरी वयातच त्वचेवर पिवळ्या गाठी व हृदयविकार होऊ शकतो.

डागांच्या लेझरबद्दल : एलडीएल खाली येऊन वर्षभर स्थिर राहू द्या. टाचेची जाडी औषधाने हळूहळू उतरते. पापणीचे डाग कधी फिकट होतात, कधी तसेच राहतात. राहिले आणि खटकले तर त्वचारोगतज्ज्ञांकडून काढून घ्या. तेव्हाही ते परत येऊ शकतात, पण निदान भरतीच्या तोंडावर वाळूचा बांध घातल्यासारखे होणार नाही.

राहिला मुलगा. त्याच्यातही शक्यता निम्मी, आणि अकराव्या वर्षी तपासणीला उशीर नाही; दोष असेल तर गोळी साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयापासून देता येते आणि या औषधांवर वाढलेली मुले उंची, अभ्यास, वयात येणे यांत मागे राहिलेली नाहीत. त्याला घाबरवू नका आणि त्याच्या डब्यातले काही काढून घेऊ नका. एकच नळी रक्त लागेल. या तपासणीसाठी त्याला उपाशी ठेवण्याचीही गरज नाही, तेव्हा शाळा बुडवून सकाळी नेण्याऐवजी संध्याकाळी क्लासच्या वाटेवर नेलेत तरी चालेल.